वडीलपदाचं पाचारण

२ सप्टेंबर, शनिवार
चर्चमध्ये ईश्वरविज्ञानाचा कोर्स सुरू झाला. नाव 'आपली सेवा ओळखा'. पाळक नसलेल्या साध्या विश्वासूंसाठी, बारा शनिवार. माझी सेवा मला आधीच ठाऊक आहे : उपदेश. तसं पाळक हम यांना सांगितलं. ते म्हणाले, "मेंग, आधी ऐकून घ्या." नोव्हेंबरात चर्चच्या मंडळीचा एक वडील, म्हणजे कारभार पाहणारा ज्येष्ठ, निवडायचाय. याला योगायोग नव्हे, पाचारण म्हणतात.

४ सप्टेंबर, सकाळी ८
संकल्प : रोज पाचला पहाटेच्या प्रार्थनेला जायचं. आज बायको, मि-ओक, गेली. एका घरातून एक माणूस पुरे.

२३ सप्टेंबर, शनिवार
आज शेजारी बसलेल्याचं कृपादान, म्हणजे देवाने दिलेला गुण, ओळखून कागदावर लिहायचं होतं. माझ्या शेजारी पियो आजी. मोतीबिंदूमुळे त्या सांगतात, मी लिहितो. माझं कृपादान त्यांनी सांगितलं 'मोठा आवाज'. मी 'उपदेश' लिहिलं. अर्थ तोच.

१४ ऑक्टोबर
दोन शनिवार बुडाले. एकदा सण, एकदा सर्दी. आज विषय होता 'ऐकून घेणं'. तो मला येतो.

२२ ऑक्टोबर, रविवार
आज सगळी उपासना आम्हा साध्या विश्वासूंकडे. शेवटची प्रार्थना माझी. मंडळीच्या जेवणाचं स्वयंपाकघर चौदा वर्षं मि-ओक सांभाळते. तिथला नियम असा, की शेवटची प्रार्थना सुरू झाली की नूडल्स उकळत्या पाण्यात सोडायच्या. आमेनला ताटं तयार. मी फाळणी झालेल्या देशाच्या एकीकरणासाठी मागितलं, बंदरातल्या होड्यांसाठी मागितलं, शिवाय नम्रतेसाठी वेगळी सात मिनिटं. एकूण तेवीस. नूडल्सची खळ झाली. दोनशे माणसांनी ती मुकाट गिळली. मि-ओक टेबलाटेबलाशी जाऊन माफी मागत होती. प्रार्थनेबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. लोक भारावले असणार.

५ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
आज मतदान. चिठ्ठीवर नाव लिहायचं, दोन-तृतीयांश मतं हवीत. बायकांनी मि-ओकचंही नाव सुचवलंय म्हणे. बरंय, तेवढीच तिची हौस. नवा सूट घातला. निवडून आल्यावरचं भाषण खिशात आहे, छोटंसंच, अकरा पानं.

तोच दिवस, दुपार
मतं दोनशे तेरा. लागत होती एकशे बेचाळीस. मि-ओकला एकशे एक्केचाळीस. ती एका मताने राहिली. बाकीची इकडेतिकडे फुटली. मला दोन.
त्यातलं एक माझं. दुसरं पियो आजींच्या चिठ्ठीचं. त्यांनी माझ्या कानाशी लागून सांगितलं होतं, मि-ओकचं नाव लिही. नवरा-बायको एकदेह असं शास्त्रच सांगतं, म्हणून मी माझं लिहिलं. तेव्हा त्यात काही वाटलं नाही.
बायका डोळे पुसत होत्या. आजी चाचपडत आल्या, मि-ओकचा हात धरला. "मी तुलाच दिलं हो पोरी. विचार तुझ्या नवऱ्याला, त्यानेच लिहिलंय."
मि-ओकने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. 
"जाऊ द्या आजी," ती म्हणाली, "देवाचीच इच्छा नसेल."
मी आमेन म्हणालो.