मामूची धूरबंदी

७८६
सालमिया, कुवेत
३ नोव्हेंबर २०२४

चि. रिदा हिस जहीरमामूचा सलाम आणि पोटभर दुवा. वि. वि.

फोनवर आपलं पाच मिनिटांत वाजतं, म्हणून तुझ्या अम्मीने फर्मान काढलं की मामा-भाचीने लिहून भांडावं, तेवढ्यात डोकी थंड होतात. तू डोंगरात, आठवड्यातून एकदा मेल उघडतेस म्हणे. मी दुकानात. अत्तर आणि बखूरच्या धुपाला दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा लिहितो.

तुझ्या नोकरीची हकिगत आपाकडून कळली. कॅलिफोर्नियात सिकोया नावाची जगातली सगळ्यात अजस्र झाडं आहेत आणि आमची रिदा त्यांची तब्येत तपासत फिरते. दोन-तीन हजार वर्षं उभ्या असलेल्या झाडाला तुझ्या सर्टिफिकेटची काय गरज पडली ते कळवावे. नाडी बघतेस की जीभ बाहेर काढायला सांगतेस? हमजाला विचारलं तर तो इंग्रजीत म्हणाला की हे सायन्स आहे. माझ्या मुलाला सगळंच सायन्स वाटतं, दुकानात बसणं सोडून.

बागेचं म्हणशील तर, कातळाच्या सड्यालगतच्या आपल्या हापूस-काजूच्या बागेत मी गेल्या वर्षी दोन कॅमेरे बसवले. आता सालमियात गल्ल्यावर बसून मला एकेक कलम दिसतं. जानेवारीत बघतो तर कडेने धूर. आपा दरवर्षीची रीत म्हणून गवताचा पट्टा जाळत होती. का, तर उन्हाळ्यात सड्यावरून वणवा उतरला तर काळ्या पट्ट्याशी थांबेल. मी इथून पोलीस पाटलाला फोन लावून ती आग विझवायला लावली. बाग माझ्या नावावर आणि काडी लावणार माझीच बहीण. यंदा आधीच बजावलंय: धूर दिसला की बाग कंत्राटदाराला आणि आपाने घरी बसायचं. इथे कुवेतातच फिंतासला राहणाऱ्या साबीरची बाग आपल्याला लागूनच आहे. त्यालाही माझं पटलं, त्यानेही आपल्या गड्यांना काडीबंदी केली. शहाण्याला शब्दाचा मार.

तू तुझी तब्येत सांभाळ, झाडं त्यांची सांभाळतील. रागावलीस तरी दुवेत आठवण ठेव.

तुझा मामू
जहीर

*

कॅलिफोर्निया
१७ नोव्हेंबर २०२४

ति. जहीरमामू यांस रिदाचा अदबीने सलाम. अदब इथेच संपली, पुढचं सांभाळून वाचा.

नाडी बघत नाही, मान मोडेपर्यंत वर बघते. शेंडा वाळलाय का, पालवी विरळ झालीय का, फांद्यांत भुंगेरे शिरलेत का. मग बुंध्याशी गुडघे टेकून बसायचं. पाचोळा किती साठलाय, भोवती दुसरी झाडं किती दाटलीत, सिकोयाचं एक तरी रोप उगवलंय का. एवढं बघून ठरवायचं की मोठी आग आली तर ही राई तगेल की नाही.

सिकोयाची साल हातभर जाड असते. जुन्या आगींचे काळे डाग अंगावर घेऊन ही झाडं जिवंत आहेत. त्यांची बोंडं धगीने उघडतात आणि बी राखेत रुजतं. छोट्या आगी येत, कचरा जाळून निघून जात. मग तुमच्यासारखे हुशार साहेब आले. त्यांनी शंभर वर्षं ठिणगी पडू दिली नाही. पाचोळा साठत गेला, मधली झुडपं वाढून आगीला वर चढायची सोय झाली. काही वर्षांपूर्वी मोठी आग आली ती शेंड्यापर्यंत गेली आणि हजारो थोरली झाडं उभ्या उभ्या मेली. त्या कोळशातून मी चाललेय मामू. पहिल्या दिवशी मला रडू आलं आणि बरोबरच्या कुणी विचारलंही नाही, कारण तेही रडत होते.

उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण शाळेत शिकले होते, पण माणूस खरंच उंटांच्या देशात जाऊन ती खरी करेल असं वाटलं नव्हतं. दिवसभर निखाऱ्यावर बखूर टाकून धूर विकता आणि बागेत धूर दिसला की पोलीस पाटील. अब्बू गेले तेव्हापासून अम्मी त्या बागेवर उभी आहे. तिला घरी बसवलंत तर तिचं काय होईल, ते तुमच्या कॅमेऱ्यात दिसणार नाही. तिला पट्टा जाळू द्या.

मामींना सलाम. माझ्यावरची माया कमी झाली असेल तर तसं स्पष्ट लिहावं.

रिदा

*

७८६
सालमिया
२६ जानेवारी २०२५

चि. रिदा हिस मामूचा सलाम. माया आहे तेवढीच आहे, अक्कल मात्र तुझी कमी झाली.

अमेरिकेने शंभर वर्षं चूक केली आणि ती निस्तरायला रत्नागिरीची पोर बोलावली, यातच अमेरिकेची परीक्षा झाली. तुझं म्हणणं असं की आगीपासून वाचायचं तर आग लावा. उद्या म्हणशील चोर येऊ नये म्हणून दुकान आपणच लुटा. इथे रस्त्याकडेच्या एकेका झाडाला नळीने पाणी पाजून जगवतात. झाड म्हणजे काय ते वाळवंटात राहणाऱ्याला विचारावं, जंगलात पगार खाणाऱ्याला नाही.

यंदा बागेत धूर नाही. सड्याकडच्या कॅमेऱ्यावर गांधीलमाश्यांनी पोळं केलंय, म्हणून आपाने त्याच्यावर गोणपाट टाकलंय. पण विहिरीकडचा चालू आहे आणि त्यात सगळं स्वच्छ दिसतं. शितावरून भाताची परीक्षा. आपाच्या उजव्या हाताला भाकरी करताना चटका बसलाय, तेवढं तिला फोनवर विचार. मला नीट सांगत नाही.

थंडी इथे यंदा बोचरी आहे. तुझ्याकडे बर्फ असेल, कानटोपी घाल. मामूला विसरू नकोस, म्हणजे शिव्या द्यायला तरी आठव.

जहीर

*

कॅलिफोर्निया
९ फेब्रुवारी २०२५

ति. मामूंस सलाम. कानटोपी घातली आहे.

मी एका राईला नापास केलं. वरून पाहिलं तर हिरवीगार, फोटो काढायला लोक लांबून येतात. खाली पाचोळ्यात माझा पाय गुडघ्यापर्यंत गेला आणि नवं रोप एकही नाही. मी लिहिलं की शरद ऋतूत इथे बेताची आग लावली नाही तर पुढची मोठी आग काहीच शिल्लक ठेवणार नाही. साहेबांना ते रुचलं नाही. धूर झाला की पाहुणे तक्रार करतात, म्हणून जरा सौम्य लिहा म्हणाले. मी एक शब्द बदलला नाही. वरून हिरवं दिसलं की सगळं ठीक, असं मानणारी माणसं मला घरातच भेटली आहेत, त्यामुळे सवय आहे.

अम्मीशी बोलले. गांधीलमाश्या कधी जातील ते तिला सांगता येत नाही म्हणाली.

तुमच्या दुवेची गरज आहे, टोमण्यांसकट पाठवावी.

रिदा

*

७८६
सालमिया
२३ मार्च २०२५

चि. रिदा हिस मामूचा सलाम आणि रमजानच्या दुवा.

ईद तोंडावर आलीय, दुकानात बखूरला उसंत नाही, तरी हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. मंगळवारी सड्यावर वणवा पेटला. विहिरीच्या कॅमेऱ्यात आभाळ तांबडं झालेलं मी गल्ल्यावर बसून पाहिलं. पुढ्यात गिऱ्हाईक उभं होतं, त्याला काय दिलं ते आठवत नाही. रात्री आपाचा फोन आला की बाग सुखरूप आहे, एक कलम गेलं नाही. साबीरची काजूची बाग मात्र पूर्ण गेली. नशीब एकेकाचं.

आता तुझ्या साहेबांना जाऊन सांग. जिथे काडी लावली नाही ती बाग उभी राहिली. तुझं शंभर वर्षांचं पुराण, तुझी बोंडं आणि तुझी राख गुंडाळून ठेव. ही बंदी मी आता कायमची करणार आहे. आपाचं वय झालं, हात भाजून घेते, म्हणून ईदनंतर बाग कंत्राटदाराला देऊन तिला मोकळी करतो. कागदात पहिलं कलम हेच: बागेत आग नाही.

लहान आहेस म्हणून माफ केलं. माझ्यावर लोभ ठेव, हरलेल्या माणसाने तेवढं करावं.

जहीर

*

कॅलिफोर्निया
२७ मार्च २०२५

ति. मामूंस सलाम.

अम्मीने सांगू नको म्हटलं होतं. तिची बाग जाते आहे, म्हणून मी आज तिचं ऐकत नाही.

गांधीलमाश्या नव्हत्या. गोणपाट टाकून अम्मीने जानेवारीत सड्याकडचा पूर्ण पट्टा जाळला. त्या मंगळवारी वणवा याच काळ्या पट्ट्यापाशी येऊन थांबला. हा पट्टा एकट्याने जाळायचा नसतो. एकाने काडी लावायची आणि बाकीच्यांनी ओल्या फांद्या आणि पाणी घेऊन उभं राहायचं, ही आपल्याकडची रीत. पण गडी बोलावले तर त्यांतला एखादा तुम्हाला फोन करेल म्हणून तिने कुणाला बोलावलं नाही. वारा फिरला, तिने एकटीने झोडपून आग आवरली आणि हात भाजला. तव्याने मनगटापासून कोपरापर्यंत भाजत नाही, मामू. तेवढं तुम्हाला कळायला हवं होतं.

साबीरचाचांची बाग गेली ती नशिबाने नव्हे. त्यांनी तुमचं ऐकलं होतं.

माझा अहवाल मंजूर झाला. शरदात त्या राईत आग लावतील आणि मी तिथे उभी असेन. बरोबर वीसेक माणसं असतील, नळ्या घेऊन. अम्मीच्या बरोबर कुणीही नव्हतं.

यापुढे तुमचा लोभ मागत नाही. द्यायचा असेल तर तिला द्या.

रिदा

*

७८६
सालमिया
२ एप्रिल २०२५

ति. आपास जहीरचा सलाम.

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. फोनवर हुकूम केले आणि तू हो म्हणालीस. मला वाटायचं तू ऐकतेस.

रिदाचं पत्र वाचून आधी मी संतापलो. कॅमेऱ्यावर गोणपाट टाकून सख्ख्या भावाला फसवलंस म्हणून दोन दिवस धुमसत होतो. ईदला फिंतासला साबीरकडे गेलो. शाझियाभाभीने पुढ्यात शीरखुर्म्याची वाटी ठेवली आणि दोघंही स्वतःच्या जळालेल्या बागेबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. साबीर उलट मला म्हणाला की तुझी बाग वाचली, अल्लाचे उपकार. मी चमचा खाली ठेवला. मला स्वतःची लाज वाटली, आपा. मग मी त्याला सगळं सांगितलं. त्याने वाटी माझ्या पुढ्यातून उचलून आत नेली. परत निघालो तेव्हा दारापर्यंत आला नाही.

कंत्राटदाराला नाही म्हणून सांगितलं. बाग तू बघतेस तशीच बघ. साबीरच्या बागेत पावसाळ्यात रोपं लावायची, ती आपल्या गड्यांकडून. हात डॉक्टरला दाखव, माझी शपथ आहे.

जानेवारीत मी येतो. हमजाही येईल, त्याला मी विचारलेलं नाही. काडी तू लाव. मला वारा कळत नाही, मी पाण्याचा हंडा धरेन. कुठे उभं राहायचं तेवढं सांग.

तुझा धाकटा
जहीर