चिठ्ठी जिची तिला

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, निवृत्त शिक्षिका, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि नवा चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वी मी असा कोणताही कागद केलेला नाही. माझ्या पश्चात हा कोणी मोठ्याने वाचून दाखवू नये. ज्याने त्याने आपापला वाचावा.

कलम एक. गणिताची पुस्तकं आणि फळ्यावरचा लाकडी कंपास शाळेला.

कलम दोन. शिवणयंत्र धाकट्या बहिणीला. तिने ते एकदा न विचारता नेलं आणि बिघडवून परत आणलं, त्यावरून मी नऊ महिने अबोला धरला होता. आता कायमचं ने, बाई. "ताईंच्या जिभेला हाड नाही" असं चारचौघांत सांगणाऱ्या मेहुण्यांना काही नाही. ते खरं बोलत होते, त्यामुळे राग नाही, पण द्यायलाही काही नाही.

कलम तीन. राहतं घर, दोन खोल्या आणि मागचं अंगण, माझ्या एका विद्यार्थिनीला. तिचं नाव इथे लिहीत नाही. ते बंद पाकिटात वकीलबाईंकडे दिलं आहे. तिने नको म्हटलं तर घर बहिणीचं.

कलम चार. बहीण विचारणारच, की रक्ताची मी असताना घर परकीला का. म्हणून सांगते.

शाळेत गणिताखेरीज मुलांची सुखदुःखं पाहणं हे माझं काम होतं. कोणाला घरी मार बसतो, कोण डबा आणत नाही, कोण वर्गात रडतं, ते सगळं माझ्याकडे यायचं. जिन्याखाली मी एक पत्र्याची पेटी लावली होती. मुलांनी मनातलं लिहून टाकायचं, नाव घालायची सक्ती नाही. दर शनिवारी मी ती उघडत असे.

सव्वीस वर्षांपूर्वी एका शनिवारी तीन ओळींची चिठ्ठी निघाली. शिकवायला येणारे काका खोलीचं दार लावून घेतात, मला ते नको आहेत, आईला सांगता येत नाही. नाव नव्हतं. अक्षर मी ओळखलं. सहावीतली, दोन वेण्यांची, गप्प बसणारी मुलगी.

कोणत्याही शहाण्या बाईने तिला एकटीला बोलावून घेतलं असतं. माझं डोकं फिरलं होतं. सोमवारी परिपाठात मी ती चिठ्ठी सगळ्या शाळेपुढे वाचली. म्हटलं, लाज वाटायची ती त्या माणसाला वाटू दे, तुम्ही बोला, मी तुमच्यामागे उभी आहे. नाव मी घेतलं नाही. पण वाचताना मी तिच्याकडे पाहिलं. माझ्या नजरेमागोमाग चारशे माना तिच्याकडे वळल्या.

मंगळवारी ती आली नाही. शुक्रवारी तिचा दाखला काढून नेला. मी घरी गेले तर दाराला कुलूप होतं. मुख्याध्यापकांनी मला चिठ्ठी फाडायला सांगितलं. फाडली असं सांगून मी ती ठेवून दिली. दाखल्यावर त्यांनी शाळा सोडण्याचं कारण लिहिलं, वडिलांची बदली. मुख्याध्यापक हयात आहेत, त्यांना माझ्याकडून एक वाक्य: तिच्या वडिलांचं दुकान होतं, दुकानदाराची बदली होत नाही.

तेव्हापासून कुठेही कोणी मोठ्याने वाचायला लागलं, वर्तमानपत्र का असेना, की मला माना वळल्याचा आवाज येतो. मानांना आवाज नसतो हे मला कळतं. परवा दवाखान्यात माझं नाव पुकारलं, तर मागच्या बाकावर ती बसली होती, अजून अकरा वर्षांची. मला भीती वाटते. ती तिथून उठून कधीच गेली नाही, असं वाटतं.

माझ्यानंतर वकीलबाईंनी तिला शोधून एकटीला भेटावं, नवऱ्यादेखत नाही, मुलांदेखत नाही. घर आणि चिठ्ठी तिची आहेत असं सांगावं. नको म्हणाली तर परत यावं.

कलम पाच. हे तीन आठवड्यांनी लिहीत आहे. सही व्हायची होती. वकीलबाईंना धीर निघाला नाही, त्यांनी तिला आत्ताच शोधलं. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासते. तिला घर नको आहे. शाळा सुटल्यावर दोन वर्षं घरात तिच्याशी कोणी धड बोललं नाही, आणि ती खरं सांगत होती त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. ती म्हणाली, "ती चिठ्ठी माझी नव्हतीच. मला शिकवायला कोणी येतच नव्हतं. बाईंनी माझ्याकडे का पाहिलं, एवढं विचारून या."

अक्षर सारखं वाटलं आणि ती गप्प असायची. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. ते मी तिला पत्राने कळवलं आहे.

म्हणजे जिने लिहिली ती त्या चारशांतच उभी होती. सांगणारीचं काय होतं ते तिने पाहिलं. कदाचित पुढे दहावीपर्यंत माझ्यासमोर बसून तिने भूमिती केली असेल. पेटीत तसली चिठ्ठी पुन्हा आली नाही, आणि माझी समजूत अशी झाली, की आता सगळं ठीक आहे.

सबब कलम तीनप्रमाणे घर बहिणीचं. चिठ्ठी वकीलबाईंकडे राहील. कोणी बाई येऊन माझी आहे म्हणाली, तर अक्षर ताडून न पाहता द्यावी. तिच्यानंतर दुसरी कोणी आली, तर तिलाही खोटं पाडू नये.

सही: (निवृत्त शिक्षिका)
साक्षीदार: १. शाळेचे माजी शिपाई २. शेजारचे दंतवैद्य. दोघांनीही मनातल्या मनात वाचून सही केली.
स्थळ: राहत्या घराची बाहेरची खोली
दिनांक: ९ जून, शनिवार, सकाळी