जायचं अंतर, यायचं अंतर

बुलढाणा, मंगळवार, १८ नोव्हेंबर

मी भाषांतर करते आहे त्या गणिताच्या पुस्तकातलं एक वाक्य आज भाषांतर तपासणाऱ्या समितीच्या सरांनी लाल रेघ मारून खोडलं. ‘इथून तिथलं अंतर आणि तिथून इथलं अंतर सारखंच असेल, असं नाही.’

“बाई, अंतर म्हणजे अंतर. ही कविता नव्हे. दुरुस्त करा, नाहीतर प्रकरणच गाळतो.”

एवढा राग का आला मला? पहिल्या वाचनात मीही ती छपाईची चूकच समजले होते. ‘सारखंच असतं’ असं लिहूनही टाकलं होतं; पुढचं वाचल्यावर मूळ वाक्य परत आणलं.

संध्याकाळी दूधवाले शेषराव आले. रोज घाटाखालच्या राजूरहून भरलेले कॅन सायकलला लावून घाट चढतात. त्यांना विचारलं, जाण्यायेण्याचं अंतर सारखंच ना?

“सारखं कसं राहीन बाई? येताना जीव जाते, जाताना पायडल मारा लागत नाही. तुमच्या सरले म्हणा, घ्या माही सायकल. कॅन भरेल पायजे बरं!”

उतरताना कष्ट शून्य, चढताना नाही. प्रकरणात हेच तर आहे: अंतर म्हणजे जायला पडणारे कष्ट. एका बाजूने अंतर शून्य आणि दुसऱ्या बाजूने नाही, म्हणूनच कोण वर, कोण खाली हे ठरतं.

ती लाल रेघ पुन्हा पाहिली. तिच्याच वर वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि खाली उदाहरण म्हणून शेषरावांची सायकल जोडली. उद्या हेच पान देणार. गाळायचं तर गाळा, माझं नावही काढा. दोन्ही अंतरं सारखी केली की घाटच उरत नाही, आणि मी घाटावर राहते.