पाहुण्याची भाषा

१२ ऑक्टोबर, सकाळ
निलेशने म्हणे गेस्ट हाऊससाठी ॲप केलं. निलेश म्हणजे माझ्या बायकोचा, सुविधाचा भाऊ. डिचोलीत कॉम्प्युटरचे क्लास घेतो. डिग्रीवाला. मी पुस्तकं वाचून शिकलो, तरी घरात कौतुक त्याचंच. "आमचो निलेश हुशारच," असं सुविधा चहा देताना म्हणाली. चहा बेचव.
निश्चय: त्याच्याहून सरस प्रोग्राम करणार.

१५ ऑक्टोबर
मांद्र्याच्या कमलाक्षीबायने आम्हा दोघांनाही बोलावलंय. सीझनच्या सुरुवातीला तिच्या गेस्ट हाऊसात दोन्ही चालवून बघणार, आवडेल तो ठेवणार.
माझी खासियत: भाषा आणि प्रदेश ओळखून पाहुण्याला त्याच्याच भाषेत मेन्यू. प्रोग्रामात 'पाहुणा' हा क्लास, म्हणजे साचा; येणारा प्रत्येक जण त्याचं ऑब्जेक्ट, म्हणजे त्या साच्यातला एक नमुना. निलेशला असलं सुचणार नाही.
सुविधा म्हणते, सुचलंय. म्हणजे माझी नक्कल केली. मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं, तो भाग वेगळा.

२३ ऑक्टोबर
काम पूर्ण. तपासणी काटेकोर. नुसतं 'मराठी' नव्हे, 'मराठी-भारत'. लॅपटॉपवर मराठी आलं. माझ्या फोनवरही मराठीच. दोन्हींची सेटिंग्ज मी अभिमानाने मराठी ठेवलीत.
सुविधा म्हणाली, "माज्या फोनार बगा, इंग्लिश आसा." नकार दिला. तिचा फोन निलेशने सेट केलाय. शत्रूच्या यंत्रावर चाचणी घेत नसतात.

२ नोव्हेंबर, मांद्रे
माझा लॅपटॉप काउंटरवर, मेन्यू पाहुण्यांच्या फोनवर. जर्मनाला आलं: उंडे पाव, पातळभाजी, चहा. मराठीत. रशियन बाईलाही मराठीत.
कमलाक्षीबाय म्हणाली, "सगुणबाब, ह्यो गोरो मराठी वाचता?"
शिकेल, म्हटलं.
निलेशने न विचारता माझ्या कोडमध्ये डोकं घातलं. "भावोजी, तुमी लॅपटॉपाक विचारतास, तुजी भाषा खंयची? तो तुमचो, मराठीच सांगतलो. पावण्याच्या फोनाक विचारा मरे!"
एका ओळीची गोष्ट. मला दिसली होतीच. वेळ नव्हता.
त्याच्या ॲपवर जर्मन आलं. जर्मन हसला. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

४ नोव्हेंबर
कमलाक्षीबायचा फोन. निर्णय माझ्याकडे झुकला असावा, म्हणून दुसऱ्या रिंगपर्यंत थांबलो. म्हणाली, तुमचो लॅपटॉप व्हरात, निलेशाचो टॅब ठेवूक जागा जाय. म्हणजे माझा लॅपटॉप मी परत न्यायचा.
तिला तंत्रातलं कळत नाही.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ
निलेशने माझा कोड मागितला! आला शेवटी वाटेवर. सुविधाला दोनदा सांगितलं.
मग विचारलं, कशाला हवा. म्हणाला, क्लासात दाखवायला. भाषा आणि प्रदेश कसा तपासू नये, याचं इतकं स्वच्छ उदाहरण पुस्तकातसुद्धा नाही.
पाठवला. अट घातली, वर माझं पूर्ण नाव हवं.