पाच पन्नासच्या गाडीची वीस मिनिटं

१५ सप्टेंबर २०२५, सोमवार

सहा दहाची गाडी आजपासून पाच पन्नासला! कोणाचं डोकं हे? जलंबहून खामगावात येणारी छोटी रेल्वे पाच पन्नासलाच स्टेशनात शिरते. म्हणजे तिकडे माणसं रेल्वेतून उतरणार आणि इकडे स्टँडवरून आमची सावरटेकची गाडी निघून जाणार. पुढची गाडी थेट आठला. एकतीस वर्षं मी स्टँडवर कंट्रोलर होतो. माझ्यावेळी निदान विचारलं तरी असतं. निवृत्त माणसाला कोण विचारतं.

सत्यभामा म्हणाली, आता सूनबाईचं कसं? अनुपमा अकोल्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला जाते. येताना पॅसेंजरने जलंब, तिथून ही छोटी रेल्वे, मग आमची गाडी. मी म्हटलं, आता येईल पावणेनऊला, दुसरं काय.

आली सहा पन्नासला. रोजच्यासारखी.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आजही सहा पन्नास. मी मुद्दाम थांब्यावर जाऊन उभा राहिलो.

हिशेब सरळ आहे. खामगाव ते सावरटेक चाळीस मिनिटं. पाच पन्नासला सुटलेली गाडी साडेसहाला यायला पाहिजे. वीस मिनिटं जातात कुठे? आणि पाच पन्नासला रेल्वेतून उतरलेली बाई पाच पन्नासलाच सुटलेल्या गाडीत बसते कशी?

अनुपमाला सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाली, रेल्वे आजकाल लवकर येते. मी चाळीस वर्षं ती रेल्वे बघतोय. ती उशिरा येते, लवकर कधी आलेली नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

उतरणाऱ्या तिघांना धरून विचारलं. एक म्हणाला, रस्ता खराब आहे. दुसरा म्हणाला, डिझेल भरलं. तिसरा माझ्याकडे बघून हसला आणि चालता झाला.

एका गाडीतले दोघं, कारणं दोन. म्हणजे खरं कारण तिसरंच.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

ड्रायव्हर रोज बदलतो. कंडक्टर मात्र ठरलेला — कुलदीप. तिशीचा असेल. केस नीट, बोलणं गोड. मी निवृत्त झालो त्याच्या दोन वर्षं आधी लागला. तेव्हाही मला त्याचं ते सगळ्यांशी हसून बोलणं आवडायचं नाही. कंडक्टरने तिकीट द्यावं.

आज अनुपमाची पिशवी त्याने खाली दिली. ती त्याला म्हणाली, "मंगळवारी नक्की थांबसान, भाऊ."

तो म्हणाला, "थांबतो ना ताई. तुमी फक्त फोन करा."

मी कडुलिंबाखाली उभा होतो. दोघांनाही दिसलो नाही.

थांबणार म्हणजे काय? कुठे?

२१ सप्टेंबर, रविवार

सुट्टी. अनुपमा कपडे वाळत घालत होती, मोबाईल पलंगावर वाजला. वर नाव — कुलदीप कंडक्टर. मी उचलला नाही. उचलायला पाहिजे होता. ती धावत आली, मोबाईल घेऊन मागच्या अंगणात गेली. हळू बोलत होती. एवढंच ऐकू आलं — "घरी कोणाले माहीत नाही."

सत्यभामाला सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं डोकं अजून त्या स्टँडच्या खिडकीतच बसून राह्यलं. सून हाय ते, गाडी नाही." आणि भाकरी थापायला लागली. तिलाही काही माहीत असेल का? माझ्याकडे न बघता बोलली.

२२ सप्टेंबर, सोमवार

हर्षलला फोन केला. पोरगा चाकणला कारखान्यात, महिन्यातून एकदा घरी येतो. त्याला सांगू नये असं ठरवलं होतं. मग तो म्हणाला, "बाबा, अनुपमा आजकाल फोनवर थकल्यासारखी वाटते, काय चालू आहे?" आणि माझ्या तोंडून निघालं. म्हटलं, कंडक्टर तुझ्या बायकोसाठी रोज गाडी थांबवतो. वीस मिनिटं कुठे जातात, तूच बघ.

तो म्हणाला, शिफ्ट आहे, ठेवतो.

बोललो ते बरं केलं की वाईट? बापाने लपवायचं असतं का असं काही?

२३ सप्टेंबर, मंगळवार

खामगावला गेलो. घरून निघताना चष्म्याचं निमित्त सांगितलं. स्टँडच्या बाकावर बसून पत्र लिहिलं. गाडी नेमून दिलेल्या वेळेपेक्षा वीस मिनिटं उशिरा पोचते, वाहक ती मध्ये कुठेतरी उभी करतो, तपासणी व्हावी. खाली सही केली नाही. जन्मात पहिल्यांदा बिनसहीचा कागद लिहिला. माझ्यावेळी अशा कागदांना मी केराची टोपली दाखवायचो. तरी तक्रारपेटीत टाकला.

पाच पन्नासच्याच गाडीने परतावं असं मनात होतं. पण कुलदीप मला ओळखतो. मी आत बसलेलो दिसलो तर ती गाडी कुठेच थांबणार नाही. म्हणून चारच्या गाडीने आलो.

२४ सप्टेंबर, बुधवार

सहा बावन्न.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

धरली! तपासणीची जीप मागून गेली. खामगावबाहेर बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगजवळ आमची गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. इंजिन बंद. ड्रायव्हर-कंडक्टर खाली. उतरणाऱ्या लोकांनीच सांगितलं. कोणी हसत नव्हतं.

माझा कागद तीन दिवसांत कामाला लागला. डेपो इतका चपळ कधीपासून झाला?

अनुपमा जेवली नाही. दिवा न लावता खोलीत बसून होती. आता तरी बोलेल असं वाटलं होतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

गाडी साडेसहाला आली. मिनिटभर इकडे नाही की तिकडे नाही. नवा कंडक्टर. कुलदीपला मार्गावरून काढलंय, चौकशी लावलीय.

घड्याळ बघून बरं वाटलं. मग बघितलं तर उतरायला फक्त चार माणसं. पूर्वी दहा-बारा असायची.

अनुपमा आठच्या गाडीने आली. पावणेनऊ.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज कळलं. लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

अनुपमा पावणेनऊला आली ती ओट्यावरच बसली. ओढणीवर ओकारीचे डाग. सत्यभामाने पाणी दिलं. ती म्हणाली, कचरूभाऊ स्टँडवर पडले.

कचरू म्हणजे अलीकडच्या थांब्याजवळच्या वस्तीतला गवंडी. आमच्या घराच्या पायऱ्या त्याच्याच हातच्या. त्याची किडनी गेलीय, हे मला ऐकून माहीत होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी अकोल्याला मशीनवर रक्त धुवायला जातो. खामगावात नंबर लागला नाही, अकोल्यात लागला. बायको जनकाबाई सोबत असते. तो वस्तीच्या थांब्यावर उतरतो, म्हणून मला संध्याकाळी कधी दिसला नाही.

मशीनवरून उठलेला माणूस. जलंबला गाडी बदलायची. खामगावला उतरलं की ऑटो. पूर्वी सहा दहाची गाडी मिळायची. वेळ बदलली आणि दोन तास स्टँडच्या फरशीवर बसणं आलं. अनुपमा त्याच रेल्वेत असते. तिनेच वेळ बदलायच्या आधी कुलदीपला गळ घातली. स्टँडवर थांबलं तर कंट्रोलर लिहून घेणार. म्हणून गाडी वेळेवर सुटायची, जिनिंगजवळ थांबायची. अनुपमा जलंबहून फोन करायची, रेल्वे निघाली म्हणून. ऑटो भरून माणसं तिथे यायची — कचरू, जनकाबाई, ती, अकोल्याला शिकणाऱ्या चार पोरी. नुसत्या मंगळवार-शुक्रवारी थांबली असती तर पोरी राहिल्या असत्या, म्हणून कुलदीप रोजच थांबायला लागला. आत बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी विचार करून गप्प राहायचं ठरवलं होतं.

मी म्हटलं, मला काऊन नाही सांगितलं?

ती म्हणाली, "मामाजी, तुमाले सांगतलं असतं तर तुमी लिहूनच देलं असतं."

मी खाली पायऱ्यांकडे बघत राहिलो. तिला वाटलं मी रागावलो. उठून आत गेली.

१ ऑक्टोबर, बुधवार

जनकाबाई आली. सकाळीच. चहा नको म्हणाली, उभीच राहिली.

"दादा, तुमी डेपोत होते. तुमचा शब्द चालते तिथं. आमाले एक अर्ज लिहून द्या. गाडीचा टाइम पयल्यासारखा करा म्हना. आन् त्या कंडक्टर पोराची चूक नाही, हेही लिवा त्यात."

मी तिला बस म्हटलं. ती बसली. मी लिहीत गेलो, ती ऐकत गेली. खाली तिने अंगठा नाही लावला, सही केली — सावकाश, एकेक अक्षर जोडून. कचरूची सही घ्यायला मी तिच्यासोबत वस्तीत गेलो. तो बाजेवर होता. हाताला पट्टी. मला बघून उठायला लागला. मी खांद्याला धरून निजवलं. म्हणाला, भाऊराव साहेब, पायऱ्या अजून पक्क्या हायत ना? मी म्हटलं, हाव.

बाकी घरोघर फिरलो. एकावन्न सह्या. माझी सगळ्यांत वर, पूर्ण नावासकट.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसऱ्याची सुट्टी होती. आज डेपोत गेलो. खिडकीत आता गुलाबराव आहे, माझ्या हाताखाली शिकलेला. अर्ज दिला. मग दार लोटून घेतलं आणि सांगून टाकलं, बिनसहीचं पत्र मीच टाकलं होतं. त्या पोराला मीच बुडवलं. चौकशीत मी तसं लिहून देतो.

गुलाबराव माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, साहेब, पेटी महिन्यातून एकदा उघडतो. या वेळची अजून उघडलीच नाही.

किल्ली आणली. आत तीन कागद. वरचाच माझा, जशाच्या तशा घडीत. त्याने तो माझ्या हातात दिला. तक्रार वेगळीच आहे म्हणाला, मोबाईलवरून वर गेली आणि वरून डेपोत आली. नाव त्याने पाहिलेलं नाही, डेपो मॅनेजर साहेबांकडे आहे.

मी नाही! स्टँडच्या मागे जाऊन पत्राचे तुकडे केले. येताना गाडीत डोळा लागला. कितीतरी दिवसांनी.

६ ऑक्टोबर, सोमवार

मी नाही, मग कोण?

काळीपिवळीवाला असेल. गाडी चुकली की माणसं त्याच्या जीपमध्ये. आज फाट्यावर त्याला बघितलं, त्याने मान फिरवली. की तो हसणारा, चालता झालेला? की बसमधलाच कोणी, ज्याला घरी जायची घाई? सगळ्या गावावर डोळा ठेवून हिंडलो दिवसभर. सत्यभामा म्हणाली, आता नका कोणाला काही विचारू. तिचा आवाज असा दबका का झाला, कळलं नाही.

डेपोतून गुलाबरावचा फोन. अर्ज मान्य. दिवाळीच्या आधी गाडी परत सहा दहाला. अनुपमाला सांगितलं. दहा दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, मामाजी, गुरुवारी कुलदीपभाऊंची चौकशी आहे, मी साक्ष द्यायला जाऊ का? म्हटलं, मी येतो सोबत. तिथे कसं बोलायचं, कोणाला काय म्हणायचं, मला माहीत आहे.

ती म्हणाली, तुमी सोबत असले म्हणजे झालं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कचरू जीपने आला. उतरताना दोघांनी धरलं. ठीक आहे.

हर्षलला दोनदा फोन केला, कचरूचं सगळं सांगायला. उचलला नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

साहेबांनी आमच्यासमोर तक्रार मोठ्याने वाचली. तक्रारदार हर्षल भाऊराव, चाकण. "वाहक माझ्या पत्नीसाठी रोज गाडी थांबवतो. वीस मिनिटे कुठे जातात याची चौकशी व्हावी."

कुलदीपने मान खाली घातली. अनुपमाने साक्ष दिली. कचरूचं सांगितलं, पोरींचं सांगितलं, आवाज कुठेही हलला नाही. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. कुलदीपला ताकीद देऊन सोडलं, पण मार्ग दुसरा.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मामाजी, चाकणात बसून त्यांना वीस मिनिटं कशी माहीत?"

मी म्हटलं, "मी सांगितलं."

समोर लोणारची गाडी लागली होती. तिचं माहेर त्याच मार्गावर, बीबीला. ती जाऊन बसली. गाडी वेळेवर सुटली.