यादीच्या फाइलमधला कागद

मलकापूर,
मंगळवार

प्रिय जयमाला,

सोबतचे पाकीट नंतर उघड, आधी पत्र वाच.

तू बरी असशील. सूज, दुखणे असे काही नसेल, हे धरून चाललो आहे. मी प्रेसमध्येच आहे. लग्नसराईमुळे दिवसभर दुसऱ्यांच्या पत्रिकांतली नावे तपासतो. आपली लग्नपत्रिका मीच संगणकावर जुळवली होती. ती अजून त्यातून काढलेली नाही.

वडनेरच्या बसस्टँडवर तू सगळे सांगितलेस. चोविसाव्या वर्षी कॅन्सरची गाठ निघाली, डावा स्तन काढावा लागला, त्या जागी सिलिकॉन बसवले. "लपवून लगन नाई करत मी," म्हणालीस, आणि दवाखान्याचे छोटे कार्ड हातात दिलेस, की डॉक्टरला दाखवा, मनातले सगळे विचारून घ्या. मी लगेच विचारले, ते फुटले तर? तू हसलीस. "तुमी तं श्वास बी मोजून घेता जी."

मग मी मोबाइलवर वाचत गेलो. एकीकडे लिहिलेले की विष आहे, दुसरीकडे की काहीच होत नाही. अकोल्याच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतली आणि अकरा प्रश्न नंबर घालून लिहिले. लग्नातल्या देण्याघेण्याच्या याद्यांचा कागदही, अक्षर चांगले म्हणून, घरच्यांनी मलाच लिहायला लावला होता. दोन्ही एकाच फाइलमध्ये ठेवले.

तुमच्या घरी याद्यांच्या बैठकीत माझ्या उत्तमरावमामांनी चष्मा लावला आणि यादी समजून वरचा कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. एक, छातीतले सिलिकॉन किती वर्षे टिकते. दोन, ते फुटले तर बाळाच्या दुधात... तिथे ते थांबले. आतल्या खोलीतला तुझ्या बांगड्यांचा आवाजही थांबला. "हे काय लिहून आणलं बे?" मामांनी विचारले. मला सगळे माहीत आहे आणि मला हीच मुलगी करायची आहे, एवढेच म्हणायचे होते. मी म्हणालो, "मंगळवारी डॉक्टरले विचारून सांगतो." तुझ्या वडिलांनी पानाचे ताट उचलून आत नेले.

लग्न मोडले तरी त्या मंगळवारी मी अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी अकराही उत्तरे दिली. सिलिकॉनने अंगात विष पसरते असे सिद्ध झालेले नाही. बहुतेक बायकांना मोठा त्रास होत नाही. पण ते जन्मभर टिकेलच असे नाही. कधी त्याच्या भोवतीचे आवरण घट्ट होते, कधी ते फुटते, म्हणून वेळच्या वेळी तपासायचे. अचानक सूज आली तर थांबायचे नाही. बाळाला दुसऱ्या बाजूने पाजता येते. सगळे मिळून दहा मिनिटे लागली.

उठताना त्यांनी सांगितले, कार्ड बाईंजवळच पाहिजे, प्रत्येक तपासणीला त्यावरचा सिलिकॉनचा नंबर लागतो. तरी चार महिने ते मी ठेवून घेतले. विसरलो नव्हतो. तुझे असे माझ्याकडे तेवढेच होते. पुढच्या महिन्यात तुझी तपासणी आहे, म्हणून आज पाठवतो आहे. पाकिटात तेच आहे. कार्डाच्या मागे, तातडीच्या वेळी कोणाला कळवायचे त्या ओळीवर, तू पेनाने माझे नाव आणि मोबाइल नंबर लिहिला आहेस. ते मला बैठकीनंतर दिसले. तिथे आता कोणाचे नाव ठेवायचे ते तू ठरव. मी खोडलेले नाही. नंबर तोच आहे.

तुझाच,
देवेश