अनुमोदकाची कोरी जागा

आबा, काल मला तालुकाध्यक्ष केलं. हसू नका. केलं म्हणजे काय, दुसरं कुणी उरलंच नव्हतं. आधीचा अध्यक्ष सत्तेतल्या पक्षात गेला आणि जाताना खुलताबादच्या कार्यालयातल्या खुर्च्यासुद्धा टेम्पोत घालून घेऊन गेला, म्हणे मीच आणल्या होत्या. त्याच्यामागं एकेक करून सगळे गेले. तुमच्या दहाव्याला गळा काढून रडले होते तेही गेले. एकानं तर फोन करून विचारलं, "तू कशाला थांबलास रं तिथं? कुलूप लावायला?" मी हसण्यावारी नेलं. पण खरं सांगतो, त्या दिवसापासून माझा फोन जवळजवळ वाजतच नाही. चौकात चहाला गेलो तर ओळखीची माणसं पेपर वर धरतात.

बसायला काही नव्हतं म्हणून घरून तुमची घोंगडी नेली. आई गेल्यापासून ती पेटीत होती, कडुनिंबाच्या पाल्यात. माणसं आली सात. सातही जण घोंगडीवर मावले आणि कडेला जागा उरली. याच खोलीत तुमच्या काळी माणसं जिन्यापर्यंत उभी असायची, आणि चहा खालून वर येईपर्यंत निम्मा सांडायचा. जिल्ह्याहून आलेला निरीक्षक माझ्या लेकाच्या वयाचा. त्यानं माणसं मोजल्यासारखं केलं आणि चेहरा लपवायला वही उघडली. "सूचक कोण?" एकानं माझं नाव सुचवलं. "अनुमोदक?"

कुणीच बोललं नाही. मला त्यांचा राग नाही आला, आबा. अनुमोदक म्हणून वहीत नाव गेलं की ते उद्या गावभर होतं. कुणाचा पोरगा शेंद्र्याच्या कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली आहे, कुणाचं घरकुल मंजूर व्हायचंय. सगळे घोंगडीची लोकर उपटत बसले. ती शांतता मला पाठ आहे. एकदा ती मीच केली होती.

तेव्हाही हीच खोली. मी बावीस वर्षांचा, शहरात कॉलेजला. अंगात तुम्ही गुलमंडीवरून शिवून आणलेला पांढरा कुडता. तो देताना तुम्ही म्हणाला होता, "आता सभेत हात वर करायचा तर खांद्यापासून करायचा. कोपरातून उचललेला हात माशी हाकलल्यावानी दिसतो." सभेत मी अर्धा हात वर करायचो त्यावरून चारचौघांत झापलंही होतं तुम्ही मला. त्या दिवशी तुम्ही मेंढरं वाड्यात घालून थेट आलात, खांद्यावर हीच घोंगडी. जन्मभर तुम्ही दुसऱ्यांच्या नावाला अनुमोदन देत आलात, आणि आज पहिल्यांदा तालुकाध्यक्षपदासाठी तुमचं नाव पुढं येतंय. सायकल दुरुस्तीवाले चाचा उभे राहून तुमचं नाव सुचवतात. समोर दुसरा उमेदवार, गावचा जीपवाला, त्यानं निम्मी सभा आधीच बांधून घेतलीय. अनुमोदक विचारला जातो. चाचा माझ्याकडं बघतात. तुम्ही बघत नाही, तुम्ही दाराकडं बघता, मला अवघड वाटू नये म्हणून. माझा हात मांडीवर आहे, कुडत्याची कड मुठीत धरून. मग जिल्ह्याहून आलेला निरीक्षक सांगतो, अनुमोदक नाही, नाव बाद.

घरी तुम्ही पिठलं-भाकरी खाल्लीत, मला आग्रह करून वाढायला लावलंत. आईनं विचारलं तर म्हणालात, "पोरावर वरून दाब व्हता. त्याचं वय हाय व्हय असल्याला तोंड द्यायचं?" दुसऱ्या दिवशी जीपवाल्याला हार घालायला सगळ्यात आधी तुम्हीच गेलात. चाचांनाही तेच सांगितलंत, दाब होता. पुढं ते आपल्या घरात खरंच होऊन बसलं. मीही तेच सांगायला लागलो. बायकोलासुद्धा.

तर काल कुणी बोलेना आणि निरीक्षक वही मिटायच्या बेतात असताना जिन्यावर खोकला ऐकू आला. चाचा! ऐंशी कधीच ओलांडली, दिसतं कमी, लेकानं मोटारसायकलवर आणून खाली सोडलेलं. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि हात वर केला. खांद्यापासून, आबा. "मैं देता अनुमोदन," म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "तेरे बाप कू एक हाथ कम पड्या था रे. तेरेकू नै पडना, बोलके आया." मला रडू आवरेना. सगळ्यांना वाटलं, अध्यक्षपदाचा आनंद झाला.

माणसं गेल्यावर कपाटातून जुनी ठराव वही काढली. ते पान सापडलं. सूचक म्हणून चाचांची उर्दूतली सही. अनुमोदकापुढं कोरी जागा. तिथं पेन टेकवलं आणि उचललं. आता सही करून कुणाला दाखवू? हा कागद त्याच पानात ठेवतोय. पुढचा अध्यक्ष वाचेल तर वाचू दे, असलाच कुणी तर.

दाब नव्हता, आबा. मला कुणी एक शब्द बोललं नव्हतं. घोंगडीला मेंढरांचा वास येत होता, शेजारी कॉलेजचे दोन मित्र बसले होते, आणि मला तुमची लाज वाटली. एवढंच होतं. मला वाटतं, तुम्हाला ते माहीत होतं, म्हणून तर ती दाबाची गोष्ट रचलीत. चाचांना मात्र अजून ती खरी वाटते. काल जिना उतरताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. सांगणार होतो. त्यांना रस्त्यापर्यंत पोचवलं, मोटारसायकलवर बसवलं, आणि नाही सांगितलं.